बिनमागणीचा झगा

रबराचा झगा अंगात चढवायचा म्हणजे पोरखेळ नाही. साडीसारखा तो गुंडाळता येत नाही, पंजाबी ड्रेससारखा डोक्यातून ओढता येत नाही. आधी माणसाला पावडर फासायची, मग झग्याला आतून पावडर मारायची आणि मग दोघांची हळूहळू गाठ घालून द्यायची. नायगावच्या पंचफुलाबाईंनी हे काम पहाटे उठून केलं. तोंडानं बडबड चालू होती, पण हात नीट चालत होते. त्यांची उभी हयात सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेलेली. पूर्वी रबराचे हातमोजे एकदा वापरून फेकत नसत. धुवायचे, दोरीवर वाळवायचे, पावडर मारून परत घालायचे. तेव्हा रबर कसं चढवतात हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. फक्त एवढा मोठा हातमोजा पोटच्या पोरीला चढवावा लागेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

"हात वर कर. श्वास सोड. सोड म्हणलं ना!"

"सोडलाय गं आई."

"मग हे पोट कुणाचं हाय?"

उत्पला हसली आणि झगा आणखी वितभर वर सरकला.

उत्पला त्यांची एकुलती एक. मुंबईत एका कारखान्यात कामाला होती. नाटकवाले, जाहिरातवाले, नाचगाण्याचे कार्यक्रम करणारे अशा लोकांना तिथून चित्रविचित्र कपडे जात. त्यात उत्पलाकडे रबराचं काम. हे कपडे शिवत नाहीत, चिकटवतात. आणि चिकटवणं तर तिच्या घरातलंच. तिचा बाप मारोती नायगावच्या स्टँडसमोर सायकलींचे पंक्चर काढायचा. ट्यूब कानशीनं घासायची, सोल्युशन लावायचं, फुंकर मारायची, ठिगळ दाबून धरायचं. शाळा सुटली की पोरगी बापाजवळ बसून ठिगळं दाबायची. मारोती गेला, दुकान गेलं, पण उत्पला सुट्टीला आली की घरात सोल्युशनचा तो वास परत यायचा. तेव्हा पंचफुलाबाई उगीच एक कप चहा जास्तीचा टाकायच्या आणि मग ओरडायच्या, "आता हा कोण पिणार?"

आज त्यांचा भाऊ नरसिंग याच्या पोराचं लग्न होतं, लातूरला. उत्पलानं आजवर शेकडो लोकांना नटवलं, पण स्वतःसाठी बनवलेला हा पहिला झगा. गडद जांभळा. गळ्यापासून घोट्यापर्यंत, बाह्या मनगटापर्यंत. पंचफुलाबाईंनी पुढून पाहिला, मागून पाहिला. कुठं म्हणून काही उघडं सापडेना. आक्षेप घ्यायला तरी बोटभर जागा असावी की नाही! सगळं झाकलेलं होतं आणि सगळं दिसत होतं.

"लातुरात जाऊन घाल की," त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

"तिथं पाणी कुठंय? पावडर सांडली, हात बरबटले, तर धुवायचं कशानं? मामाला सांगू का, मांडव सोड अन् माझ्यासाठी टँकर बघ?"

हे मात्र खरं होतं. दोन हजार सोळा सालचा मे महिना. लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं. नरसिंगनं तर पत्रिका वाटतानाच सांगितलं होतं, आहेर आणू नका, येताना आपापल्या बाटल्या भरून आणा. त्यात झगा घडी करून पिशवीत न्यावा, तर उन्हानं तो स्वतःलाच चिकटून बसणार. म्हणजे अंगावर घालूनच न्यायचा. उत्पलानं वरून रबर चमकवायच्या खास तेलाचा हात फिरवला, झगा चकाकला आणि मायलेकी निघाल्या.

नांदेडच्या स्टँडवर पाय ठेवला आणि पंचफुलाबाईंच्या लक्षात आलं की आपण चुकीच्या गोष्टीची धास्ती घेतली होती. त्यांना वाटलं होतं, लोक पोरीच्या अंगाकडे बघतील. बघत होतेच. पण डोळ्यांत प्रश्न भलताच.

"ओ बाई," पांढरी टोपी, खाकी पिशवी घेतलेला एक म्हातारा पुढं झाला. हे शेषेराव. लोह्याकडचे शेतकरी, लेकीकडे लातूरला निघालेले. "ही पोरगी ओलीचिंब कशी?"

"काय?"

"ओली हाय की! पाणी निथळून राहिलं अंगावरून. हितं जनावरं तडफडून मरून राहिले अन् तुमी पोरीला कपड्यासकट भिजवून आणलं व्हय? जनाची न्हाई तर मनाची तरी ठेवा!"

झालं. ओली म्हणताच माणसं गोळा झाली. एकीनं विचारलं, कुठल्या नळाला आलं? दुसरीनं विचारलं, टँकर कुठं थांबलाय? एक जण तर रिकामी कळशी घेऊन उत्पलाच्या मागून फिरून आला, जणू ती एखादी गळकी टाकी. शेषेरावांचा आवाज चढतच चालला. पंचफुलाबाई पोरीच्या पुढं येऊन उभ्या राहिल्या.

"ओली न्हाई वो, रबर हाय ते. कोरडं हाय. हात लावून बगा."

"रबर? मेच्या उन्हात? कामून?"

इथं बाईंची जीभ घसरली. खरं सांगायचं तर त्या जिभेला घसरायची जुनी सवय होती. पोरगी काय करते असं कुणी विचारलं की, 'हातमोज्याच्या कंपनीत हाय, दवाखान्याला माल जातो.' त्याच्याही आधी, नवरा काय करतो असं दवाखान्यात कुणी विचारलं की, 'वाहनाच्या धंद्यात हायेत.' एकदा मारोती डबा द्यायला आला होता आणि दारात उभा राहून त्यानं हे ऐकलं होतं. डबा ठेवून तो गुपचूप गेला.

"आंदोलन हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पाण्यासाठी."

आणि काय सांगावं! तापल्या तव्यावर कुणी पाणी शिंपडलं असतं तरी तो एवढ्या लवकर थंड झाला नसता. शेषेरावांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि म्हणाले, "असं व्हय! मग आधी सांगायचं न्हाई का?"

आपल्या मुलखात आंदोलनाला सगळं माफ. माणसं मुंडण करतात, चड्डीवर मोर्चा काढतात, गळ्यापर्यंत मातीत पुरून घेतात, कोरड्या विहिरीत बसून भजन म्हणतात, कचेरीसमोर ताटल्या बडवतात. कपडे कामून काढले असं कुणी विचारत नाही. विचारायचं ते एकच: मागणी काय? मागणी एकदा कळली की माणूस समजला. तो वेडा नाही, आगाऊ नाही. तो आपलाच आहे आणि सरकारवर चिडलेला आहे.

कंडक्टरनं स्वतः उठून पुढची सीट मोकळी करून दिली. "बसा ताई. तुमच्यासारख्यांमुळंच तर चाललंय सगळं." एका बाईनं खिडकी उघडून दिली. शेषेराव आडव्या सीटवर अगदी राखणीला बसल्यासारखे बसले.

गाडी हलली तशी उत्पला खिडकीबाहेर बघत हळू आवाजात बोलली. "आई, बापूला तू वाहनाच्या धंद्यात घातलंस. मला हातमोज्याच्या कंपनीत घातलंस. आज अंगावर झगा घालून तुझ्या शेजारी बसलेय, तरी तू मला आंदोलनात घातलंस."

"अगं, लोक बेजार करून राहिले—"

"करू दे. आता एक ऐक. आज परत माझ्याबद्दल खोटं बोललीस, तर लग्न लागलं की मी लातूरहून थेट मुंबई गाठीन. परत नायगावला येणार न्हाई. तुला माझी लाज वाटते तिथं मी सुट्ट्या कशाला काढू?"

रागानं बोलली असती तर बाईंनी दोन शब्द सुनावले असते. पोरगी शांत होती, हेच वाईट. बाईंनी तोंडाला पदर लावला आणि ठरवलं, आता मुकाट बसायचं. बोललंच नाही तर खोटं कसं होईल?

पण खोट्याला एकदा पाय फुटले की त्याला बोलणारा लागत नाही. लोह्याला नवे पाहुणे चढले, त्यांना शेषेरावांनीच सगळं सांगितलं. पोरगी पाण्यासाठी रबर घालून निघालीय. पुढच्या थांब्यावर त्यात भर पडली: पाणी मिळाल्याबिगर रबर अंगावरून उतरवणार न्हाई. अहमदपूर येईतो उत्पलानं गुढीपाडव्यापासून झगा काढलेला नव्हता आणि रात्री उभ्यानं झोपत होती.

"उभ्यानं?" एकीनं हळहळून विचारलं.

"बसून राहिली की न्हाई आत्ता? ती इश्रांती," शेषेराव म्हणाले.

मागच्या सीटवर कस्तुराबाई नावाच्या एक बाई होत्या. चाकूरपुढच्या कुठल्या गावी लग्नाला निघालेल्या. भरजरी लुगडं, कोपरापर्यंत बांगड्या, गळ्यात इतकं काही की मान वळवताना आवाज व्हावा. त्यांनी भाजलेल्या शेंगांची पुडी पुढं केली. "खा गं माय. आमच्यासाठी एवढं करून राहिलीस."

उत्पलानं शेंगा घेतल्या, आईकडे पाहिलं. आईनं बाहेर पाहिलं. बाहेर नुसतं काळं रान उघडं पडलेलं, बांधावर एक सुद्धा हिरवं पान नव्हतं, आणि त्या रानात बघण्यासारखं काही नसताना पंचफुलाबाई फार मन लावून बघत होत्या.

शिरूर ताजबंदला उदगीरकडची माणसं चढली. गळ्यात उपरणी, हातात गुंडाळलेला बॅनर. त्यांना उदगीर हा नवा जिल्हा पाहिजे होता. सगळे चाकूरच्या अलीकडे एका फाट्यावर रास्ता रोकोला निघाले होते. त्यांनी उत्पलाला पाहिलं, शेषेरावांचं ऐकलं, आणि त्यांच्यातला एक सिद्धराम नावाचा गडी म्हणाला, "ताई, पाण्याची मागणी आता जुनी झाली. आमच्याकडं या. जिल्हा मागा."

"का म्हून?" शेषेराव भडकले. "पोरगी आमची हाय. पाण्याची हाय."

"काका, जरा दम धरा. जिल्हा झाला की कलेक्टर येतो. कलेक्टर आला की बंगला येतो. बंगला आला की बंगल्याला नळ येतो. मग पाणी कुठं जातंय?"

"नळ बंगल्याला येतो, माझ्या बैलाला न्हाई!"

दोघांची अशी जुंपली की कंडक्टर मध्ये पडला. ज्या झग्यावरून हे चाललं होतं त्या झग्याच्या आत उत्पला घामानं न्हात होती. सिद्धरामनं तोवर मोबाईल काढून तिचा फोटो टिपला आणि कुणाला तरी पाठवूनही दिला. खाली मजकूर काय लिहिला हे कुणी विचारलं नाही.

फाट्यावर गाडी थांबली. रस्त्यावर बाभळीच्या फांद्या, टायर, पुढं मंडप, मंडपात माईक. आंदोलनाचे पुढारी हणमंतराव गाडीच्या दारातच हार घेऊन उभे. पांढरे धोप कपडे, काळा चष्मा. त्या वर्षी त्या भागात एवढं स्वच्छ धुतलेलं दुसरं काही नव्हतं.

"रणरागिणी कुठंय आमची? या, या! तुमी दोघी पाच मिन्टं स्टेजवर या, लगेच गाडी सोडतो. लग्नाला जायचंय म्हणे? नवरदेव पळून जात न्हाई!"

आता करता काय? मागं गाड्यांची रांग, पुढं बाभळी. मायलेकी खाली उतरल्या. उत्पलाच्या गळ्यात हार पडला. बसायला खुर्च्या आल्या. बाटलीबंद पाणी आलं, चांगलं गार, बाटलीवर दव आलेलं. बंदोबस्ताच्या फौजदारानं टाचा जुळवून सलाम ठोकला आणि उत्पलाच्या डोक्यावर छत्री धरायला एका शिपायाला उभं केलं. "शांततेत घ्या ताई. काही लागलं तर सांगा. कपड्याचा त्रास होत न्हाई ना?"

"होतोय," उत्पला म्हणाली.

"होणारच," फौजदार आदरानं म्हणाले. "आंदोलन म्हणलं की त्रास आलाच."

पंचफुलाबाईंनी ती गार बाटली दोन्ही हातांत धरली होती. त्यांना त्यांची आई सरजाबाई आठवली. गावच्या विहिरीपासून लांब, रिकामी घागर घेऊन बसायची, कुणी तरी वरून ओतेल म्हणून. आणि आज पुढारी स्वतः बाटलीचं झाकण फोडून देत होता. बाईंना बरं वाटलं, उगीच कशाला लपवायचं? लई बरं वाटलं. वाटलं, कशाला उगा सगळं मोडायचं? पाच मिनिटं गप्प बसलं की झालं.

हणमंतरावांनी माईक हातात घेतला. "बंधूंनो! ही बघा मराठवाड्याची लेक! अन्याय सहन न होऊन हिनं अंगावर रबर चढवलं! जिल्हा झाल्याबिगर हे रबर उतरणार न्हाई!" शेषेराव खालून ओरडले, "पाणी! पाणी म्हणा!" तर हणमंतराव म्हणाले, "जिल्हा आणि पाणी!" मग त्यांनी उत्पलाचं मनगट बाहीसकट करकचून आवळलं आणि हात उंच केला.

आणि त्या आवळलेल्या बाहीच्या तोंडातून धार लागली. सकाळपासून आत साठलेला घाम, पावडरीनं पांढरट झालेला, मनगटावरून ओघळून थेट हणमंतरावांच्या पांढऱ्या बाहीवर. मग जो टाळ्यांचा कडकडाट उठला, विचारू नका! "घाम नव्हे हा," हणमंतरावांनी लगेच गाठलं, "हे मराठवाड्याचे अश्रू आहेत!" मोबाईल वर झाले. बायका डोळे पुसू लागल्या. हणमंतरावांनी हळूच बाही झटकली आणि माईक उत्पलापुढं केला. "बोल ताई. मागणी काय हाय ते तुझ्या तोंडानं सांग."

उत्पलानं माईक घेतला. मग तो आईच्या हातात दिला. "आई, तू सांग."

एवढंच. ना राग, ना आवाज. पंचफुलाबाईंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. गळ्यापाशी पावडरीचे ओहोळ वाळले होते, हारातली झेंडूची फुलं रबराला चिकटून डाग पडत होते. स्वतःसाठी केलेला पहिला झगा आणि सकाळपासून तो नीट बघितला कुणी? कुणाला त्यात पाणी दिसलं, कुणाला जिल्हा दिसला, आणि आईला दिसली ती लोकांची तोंडं.

'पाणी' म्हटलं की टाळ्या होत्या. 'जिल्हा' म्हटलं तरी टाळ्या होत्या. आणखीही एक वाट होती. मारोतीचं नाव घ्यायचं, बापाच्या पंक्चरच्या दुकानाचं सांगायचं. पोरगी बापाच्या आठवणीनं रबर घालते म्हणायचं. सगळा मंडप ढसाढसा रडला असता. पण तेही लपायलाच झालं असतं. मेलेल्या माणसाच्या मागं लपायचं, आणि तेही त्याच्या, ज्याला जितेपणी 'वाहनाच्या धंद्यात' लपवला. बाईंनी माईक तोंडाजवळ धरला.

"मागणी काही न्हाई," त्या माईकवर म्हणाल्या.

माईक चांगला होता. बोलणं शेवटच्या माणसापर्यंत गेलं.

"आंदोलन न्हाई. मघाशी मी खोटं बोलले, माझी चूक हाय. ही माझी पोरगी उत्पला. असे कपडे बनवायचं तिचं काम हाय. हा तिनं स्वतःसाठी बनवलाय. तिला आवडतो म्हून घातलाय. आमी माझ्या भावाच्या घरी लग्नाला चाललोय."

हणमंतरावांनी चष्मा काढला. "आवडतो म्हणजे? कुणाच्या निषेधार्थ आवडतो?"

"कुणाच्याच न्हाई."

"मग पाठिंबा कुणाला?"

"कुणाला न्हाई हो. आवडतो, बस."

"असं नुसतं कसं आवडल?" हणमंतराव खरोखर गोंधळले होते. तीस वर्षांच्या राजकारणात असला प्रकार त्यांनी पाहिला नव्हता. "काहीतरी मागा बाई. रस्ता मागा. दवाखाना मागा. एवढी माणसं उन्हात उभी हायेत."

"मी सांगितलं ते खरं हाय."

मग जे झालं ते फार पटकन झालं. सिद्धरामनं उत्पलाच्या गळ्यातला हार काढून घेतला. पुढच्या पाहुण्याला लागणार होता. खुर्च्या उचलल्या गेल्या. छत्रीवाला शिपाई छत्री मिटून स्वतः सावलीत गेला. कुणीतरी पंचफुलाबाईंच्या हातातली पाण्याची बाटली सुद्धा अलगद काढून घेतली. निम्मी प्यालेली होती, तरी घेतली. ज्या बायका डोळे पुसत होत्या त्यांनी त्याच पदरानं तोंडं झाकली. "शी बाई, अंगाला कसं चिकटलंय बघ! लाज न्हाई का?" आत्तापर्यंत तेच अंग होतं आणि तेच चिकटलेलं होतं.

फौजदार पुढं आले. आता टाचा जुळल्या नव्हत्या. "बाई, हे चालणार न्हाई. सार्वजनिक ठिकाण हाय. असल्या कपड्यावर कारवाई होऊ शकते."

"साहेब, आत्ता तुमी सलाम केला की! कपडा तोच हाय."

"कपडा तोच हाय, पण हेतू बदलला ना. आंदोलन असतं तर आमी संरक्षण दिलं असतं. मौज म्हणून घातलं तर मग..." त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि जिल्ह्याच्या बॅनरकडे बोट दाखवलं. "निदान तो बॅनर तरी गुंडाळा पोरीला. मग मी काही म्हणणार न्हाई."

"राहू द्या," पंचफुलाबाई म्हणाल्या. "तुमचा जिल्हा तुमाला. माझी पोरगी झाकलेलीच हाय, गळ्यापासून घोट्यापर्यंत. एक वीत उघडं दाखवा, आत्ता बॅनर गुंडाळते. दाखवा की!"

फौजदारांनी बघितलं. मग एवढं बघणं बरं दिसत नाही हे त्यांच्याच ध्यानात आलं आणि ते रस्त्याकडे वळून ओरडले, "ती नांदेडची गाडी सोडा रे आधी! बाभळी काढा! घालवा त्यांना इथनं!"

आंदोलन म्हणून पाच मिनिटांत सुटणार होती ती गाडी आवडीमुळं दोन मिनिटांत सुटली.

गाडीत कंडक्टर दारातच उभा. "पुढची सीट आंदोलनाला दिलती. आता मागं बसा."

"तिकीट काढलंय आमी."

"मागं बसायचं पण तिकीटच लागतं," तो म्हणाला, पण आवाजात आधीचा गोडवा नव्हता.

शेषेराव तर तोंड फिरवून बसले. सगळ्यात जास्त लागलं होतं त्यांना. "गुढीपाडव्यापासून उभ्यानं झोपती म्हून सांगितलं मी लोकाला. आता माझी काय इज्जत राहिली? खोटारडा ठरलो मी नाहक!"

मायलेकी सगळ्यात मागच्या लांब सीटवर बसल्या. त्यांना बघून तिथली माणसं उठून पुढं उभी राहिली, त्यामुळं सबंध सीट दोघींनाच मिळाली. एवढी ऐसपैस जागा त्या मार्गावर लग्नसराईत कुणाला मिळाली नसेल. पंचफुलाबाईंनी पदर ओला करायला स्वतःची बाटली उघडली, मग पाणी बघून थबकल्या आणि कोरड्याच पदरानं पोरीच्या गळ्यावरचे झेंडूचे डाग पुसायला लागल्या.

"घासू नको, चमक जाते," उत्पला म्हणाली. "हळू फिरव. गोल."

"मला शिकवतीस? उभा जन्म रबर पुसलंय मी."

थोड्या वेळानं बांगड्यांचा आवाज आला. कस्तुराबाई पिशवी घेऊन मागं आल्या. "पुढं हवा लागंना," त्या कुणालाच उद्देशून नसल्यासारख्या म्हणाल्या आणि कडेला टेकल्या. बराच वेळ झग्याकडं बघत राहिल्या. मग राहवेना. "खरं सांग पोरी. आत गुदमरत न्हाई का?"

"गुदमरतं की मावशी."

"मग कशाला घालावं माणसानं?"

उत्पलानं त्यांच्या भरजरी लुगड्याकडं, कोपरापर्यंतच्या बांगड्यांकडं, घामानं मानेत रुतलेल्या दागिन्यांकडं पाहिलं. "तुमाला गार वाटून राहिलं का?"

"बया!" कस्तुराबाई म्हणाल्या. "पहाटेपासून जीव चालला माझा. पाठ नुसती सोलून निघाली जरीनं." आणि एकदम हसायलाच लागल्या. हसता हसता गळ्यातलं सगळं वाजलं. पुढच्या सीटवरून शेषेरावांनी वळून पाहिलं आणि परत तोंड फिरवलं. कस्तुराबाईंनी बोटानं हळूच बाहीला हात लावला. "रंग लई छान निवडलास पण. जांभळासारखा."

सकाळपासून नुसत्या झग्याबद्दल कुणीतरी हे पहिलं बोललं होतं. उत्पलानं ते ऐकून मान खाली घातली आणि बाहीवरची नसलेली धूळ झटकली.

तेवढ्यात पंचफुलाबाईंचा फोन वाजला. नरसिंग होता. मांडवातला गोंगाट इकडंपर्यंत ऐकू येत होता.

"आक्का! अगं, फोटो आला हितं! 'रबर आंदोलन' म्हणून सगळ्यांच्या मोबाईलवर हाय! व्याही सुद्धा म्हणाले, तुमची भाची लई धाडसाची. मी समद्यांना सांगून ठेवलंय, स्टेजवर सत्कार करू. काय, मागणी मान्य झाली का?"

बाईंनी फोन कानाशी धरला आणि डोळे मिटले. फाट्यावरची माणसं काय, परत कधी भेटायची नव्हती. पण हा मांडव म्हणजे त्यांची माणसं. सोयरे, भावकी, दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणी. जिथं जन्मभर 'हातमोज्याची कंपनी' सांगितली तो सगळा गोतावळा. आणि सत्काराची शाल तयार होती. नुसतं 'हाव' म्हणायचं होतं. शेजारी उत्पला शेंग फोडत होती. दाणा काही तोंडात टाकत नव्हती.

"नरसिंग, ऐक," बाई म्हणाल्या, आणि गाडीच्या आवाजावर ऐकू जावं म्हणून चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या. "आंदोलन न्हाई. सत्कार करू नको. पोरीनं स्वतः बनवलाय झगा. आवडला म्हून घालून आलीय. हाव, नुसता आवडला म्हून. न्हाई, हातमोज्याचं बी खरं नव्हतं. बापासारखं रबर चिकटवती ती. लोकाला काय सांगू म्हणजे? हेच सांग. अन् बसायला सावलीत खुर्ची ठेव, पोरगी उकडून गेलीय."

पलीकडं नरसिंगनं कुणाला तरी शाल आत ठेवायला सांगितलं. मग म्हणाला, "बरं. या आधी." आणि फोन ठेवला.

पुढच्या सगळ्या माना वळल्या होत्या. पंचफुलाबाईंनी फोन पिशवीत टाकला, पदर सावरला आणि परत पुसायला घेतलं, हळू, गोल. उत्पलानं हातातला दाणा तोंडात टाकला.

"आई," ती म्हणाली, "उद्या नायगावला जायला पहिली गाडी कितीला मिळते?"